अम्मीची ड्युटी कधी संपते?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

 

मित्रमैत्रिणींनो, दरवर्षी मला इथे करिअरवर बोलायला बोलावतात. कोणता कोर्स करावा, इंटरव्ह्यूत काय विचारतात, पुण्यात पहिली नोकरी लागली की खोली कुठे बघावी, हे सगळं मी सांगतो आणि जातो. गेल्या वर्षी भाषण संपल्यावर एक मुलगा मागे रेंगाळला. सगळे गेल्यावर हळूच म्हणाला, "सर, घरी मोठा भाऊ आजारी असतो. डोक्याचा आजार आहे. मी नोकरीला बाहेर गेलो तर अम्मी एकटी पडेल. जाऊ का नको?" मी घाईत होतो. म्हणालो, "जा रे. अम्मी बघेल."

एसटीत बसल्यावर माझी मलाच लाज वाटली. कारण हेच उत्तर मी अठरा वर्षांपूर्वी स्वतःला दिलं होतं. म्हणून या वर्षी संयोजकांना म्हटलं, करिअरवर दुसरं कुणी बोलेल. मला माझ्या अम्मीवर बोलू द्या.

सुरुवातीला एक सांगून टाकतो. हे बोलण्याआधी मी घरी दोघांची परवानगी घेतली आहे. अम्मी म्हणाली, "बोल, पन रडू नको सबके सामने." मोठा भाऊ, त्याला मी भैय्या म्हणतो, त्याने दोन अटी घातल्या. त्याचं नाव घ्यायचं नाही, आणि 'पागल' हा शब्द वापरायचा नाही. दोन्ही अटी मला मान्य आहेत.

आमचं घर सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षक होते. भैय्या माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला, हात एकदम साफ. गल्लीतला कुठलाही बंद पंखा त्याच्या हातात आला की फिरायला लागायचा. २००६ साली तो बावीस वर्षांचा होता, कोल्हापूरला एमआयडीसीत कामाला. एक दिवस न सांगता घरी आला. म्हणाला, कारखान्यातली माणसं माझ्या मनातलं वाचतात. आठवड्याभरात त्याने खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली. रात्र रात्र कुणाशी तरी बोलत बसायचा. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनची वाट बघत होतो.

पहिलं दीड वर्ष तावीज, झाडफूक, उतारे यात गेलं. मग एका मानसोपचारतज्ज्ञांनी नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अंदाजाप्रमाणे जगात साधारण तीनशे माणसांमागे एकाला हा आजार असतो, म्हणजे सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना. बहुतेक वेळा तो ऐन तारुण्यात सुरू होतो, विशीच्या आसपास. म्हणजे आईबापांना वाटतं, चला, पोरगं हाताशी आलं, आता जरा बसू, नेमका तेव्हा. अम्मी त्या वेळी सेहेचाळीस वर्षांची होती. आज चौसष्ट वर्षांची आहे.

मी कॉलेजला गेलो, मग नोकरीला पुण्यात. आपाचं लग्न झालं, ती सासरी गेली. अब्बा शाळेतून आले की मशिदीत जायचे आणि इशा झाल्यावरच परतायचे. वाईट माणूस नव्हते. त्यांना ते बघवत नव्हतं, एवढंच. आम्हा तिघांनाही जायला एक एक जागा होती. अम्मीला नव्हती.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. आमच्या कंपनीत रात्री-अपरात्री सिस्टीम बंद पडली तर उठून ती बघायला एक माणूस नेमलेला असतो. त्याला 'ऑन-कॉल' म्हणतात. आठवडाभर फोन उशाशी ठेवून झोपायचं. सोमवारी सकाळी पुढच्या माणसाला सगळं समजावून द्यायचं आणि मोकळं व्हायचं. कुणाला सलग दोन आठवडे ऑन-कॉल लावला तर तो मॅनेजरशी भांडतो. मीही भांडलोय. म्हटलं होतं, झोप नाही मिळाली तर माणूस चुका करणारच.

माझी अम्मी अठरा वर्षं ऑन-कॉल आहे. ती आजही कूस बदलताना कान दाराच्या कडीकडे ठेवून झोपते, कारण २००८ साली एकदा भैय्या रात्री निघून गेला होता आणि तिसऱ्या दिवशी मिरज स्टेशनवर सापडला होता. या अठरा वर्षांत तिने ड्युटी कुणाच्या हवाली केली नाही. कारण घ्यायला कुणी आलंच नाही.

बाहेरच्या माणसाला यातलं काय दिसतं? मुलगा घरात बसून आहे आणि आई त्याला जेवायला वाढते. यात कष्ट कसले, आईच आहे ती. म्हणून तिच्यावर काय काय येतं ते मी ओळीने सांगतो.

पहिला येतो ठपका. घरात हा आजार आला की बोट आईकडे वळतं. गरोदरपणी ग्रहण पाहिलं असेल. फार लाडावलं. फार मारलं. फुफीने तर सरळ सांगितलं, दूध ही में खराबी होगी. आणि हे फक्त अडाण्यांचं काम आहे असं समजू नका. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान या अमेरिकेतल्या नामांकित मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी अशा आयांसाठी एक शब्दच काढला होता. त्याचा अर्थ, मुलात स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई. पुढची कित्येक वर्षं डॉक्टरांनी तो वापरला. नंतर संशोधनात ते टिकलं नाही आणि तो शब्द मागे पडला. या आजारात आनुवंशिकतेचा आणि मेंदूच्या घडणीचा मोठा वाटा असतो, आईच्या वागण्याने तो होत नाही, हे आज पक्कं आहे. पण अम्मीला हे समजावून सांगणारा डॉक्टर भेटायला सात वर्षं लागली. त्या सात वर्षांत ती रोज स्वतःच्या आयुष्याची झडती घेत होती.

दुसरं, दुःख. कुणी वारलं तर चाळिसाव्यापर्यंत लोक येतात, बसतात, शेजारून जेवण येतं. रडायची मुभा असते. पण मुलगा जिवंत आहे, समोर बसलाय, आणि जो मुलगा वाढवला तो मात्र हरवलाय, अशा दुःखाला कोण येणार? पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी अशा न संपणाऱ्या वियोगावर आयुष्यभर काम केलं आहे. त्यांनी सुरुवात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांपासून केली होती. माणूस गेला म्हणता येत नाही, आहे म्हणता येत नाही, आणि म्हणून रडणं संपवताही येत नाही. अम्मीने भैय्याचं कोल्हापूरचं गेटपास अजून तिच्या पेटीत ठेवलंय.

तिसरी, लाज. आपाचा निकाह २००९ मध्ये झाला. मुलाकडच्यांना कळू नये म्हणून भैय्याला चार दिवस सोलापूरला मामूंकडे पाठवलं. रुखसतीच्या वेळी अम्मी इतकी रडली की सगळ्यांनी म्हटलं, मुलीवर फार जीव. पुढे कितीतरी वर्षांनी तिने मला सांगितलं, मी त्या दिवशी त्याच्यासाठी रडत होते. बहिणीच्या लग्नात सख्ख्या भावाला लपवलं, आणि लपवणारी मी.

चौथी गोष्ट अवघड आहे. भीती. आईला मुलाची भीती वाटते, हे आपल्याकडे बोलायचीच सोय नाही. हा आजार असलेली बहुतेक माणसं कुणाला इजा करत नाहीत, उलट त्यांनाच लोकांचा मार जास्त खावा लागतो. पण आजार भडकतो तेव्हा जो सगळ्यात जवळ उभा असतो, झळ त्याला लागते. एकदा भैय्याने ताट भिरकावलं, ते अम्मीच्या कपाळाला लागलं. तीन टाके पडले. तिने दवाखान्यात सांगितलं, न्हाणीघरात पाय घसरला. मला फोनवरही तेच सांगितलं. आणि मी ते मानलं, कारण मानणं सोयीचं होतं.

पाचवी गोष्ट, खोटेपणा. भैय्या गोळ्या घेईना, म्हणून अम्मी त्या कुटून सालनात घालायला लागली. अनेक घरांत हे चालतं. इथेही काहींच्या घरी चालत असेल. एक दिवस त्याने पाहिलं. त्याला आधीच वाटत होतं की लोक आपल्यावर विष घालतात, आणि आता आईच जेवणात काहीतरी मिसळताना दिसली. त्यानंतर जवळजवळ पाच महिने तो अम्मीच्या हातचं जेवला नाही. केळी, उकडलेली अंडी आणि पुड्यातली बिस्किटं, जे स्वतः सोलता आणि फोडता येईल तेवढंच. समोर बसून आई जेवत नाही आणि मुलगाही जेवत नाही, असे पाच महिने. त्यानंतर एका डॉक्टर मॅडमनी भैय्याशी बोलून, त्याला विचारून, महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. रोजच्या गोळीची रोजची लढाई थांबली. एका मायलेकाचं जेवण परत सुरू झालं. असं इंजेक्शन असतं, हे मी, इंटरनेटवर दिवस काढणारा इंजिनिअर, त्याआधी कधी शोधलंही नव्हतं.

नातेवाईक म्हणाले, लग्न लावून द्या, सुधारेल. गरीब घरची एक मुलगीही शोधली होती. माणूस थकला की काहीही पटतं, अम्मीलाही पटत आलं होतं. शेवटच्या दिवशी तिने नकार कळवला. म्हणाली, "मेरा बोजा उतारने को किसी की बेटी पे डालूं क्या?" या वाक्यासाठी मी तिला सलाम करतो. कारण तीच चूक मी पुढे वेगळ्या पद्धतीने करणार होतो.

दर्ग्याबद्दल बोललो नाही तर तुम्ही विचाराल. होय, आम्ही गेलो. गुरुवारी गेलो, उरुसाला गेलो. आपल्या चळवळीतले लोक यावर लगेच रागावतात. मीही रागवायचो. एकदा अम्मीला चिडून विचारलं, तिथे काय मिळतं तुला? ती म्हणाली, "वहां दुसरी औरतां रहती हैं. उनके भी बच्चे ऐसेच. कोई पूछता नहीं, क्या गलती करी." या उत्तराने मी गप्प झालो. दवाखान्यात तिच्या मुलाला गोळी मिळत होती, पण तिला स्वतःला बसायला जागा फक्त तिथे मिळत होती.

म्हणून दर्ग्याला जाणाऱ्या आईची टिंगल करू नका. पण दुसरी बाजूही लक्षात ठेवा. तमिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांना ठेवायच्या खासगी झोपड्या होत्या. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे अशाच एका झोपडीला आग लागली. आतली माणसं साखळदंडाने बांधलेली होती. त्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. माणसाला साखळीने बांधणं आता २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरळ गुन्हा आहे. आणि उलट उदाहरणही आपल्याच देशात आहे. गुजरातमध्ये उनावा इथे मीरा दातार दर्ग्यावर 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम सुरू झाला. मुजावर दुआ करतात आणि तिथेच बसलेल्या डॉक्टरकडेही पाठवतात. औषध घेतल्याने ईमान कमी होत नाही. हजार-अकराशे वर्षांपूर्वी अबू झैद अल-बल्खी यांनी शरीराच्या आजारांबरोबर मनाच्या आजारांवर आणि त्यांच्या इलाजावर ग्रंथ लिहिला. कैरोत १२८४ साली सुलतान कलावूनने बांधलेल्या इस्पितळात मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता. ही आपलीच परंपरा आहे.

आता ज्या रात्रीमुळे मी हे बोलतोय, ती रात्र.

२०१९चा रमजान. मी सुट्टीवर घरी आलो होतो. अब्बांना जाऊन तीन वर्षं झाली होती. सहरीच्या बऱ्याच आधी पाणी प्यायला उठलो. अम्मी अंधारात जानमाजवर बसली होती. तिला वाटलं सगळे झोपलेत. ती दुआ मागत होती आणि मला ती ऐकू आली. "या अल्ला, इसे मेरे से पहले उठा ले."

मी तसाच उभा राहिलो. पहिल्यांदा राग आला. आई असं कसं मागू शकते? मग सकाळपर्यंत झोप लागली नाही आणि हळूहळू डोक्यात शिरलं. ती मुलाचं मरण मागत नव्हती. ती हिशोब करत होती. मी साठीला आले. माझ्यानंतर याला कोण बघणार? धाकटा वर्षातून चारदा येतो, डबा घेऊन जातो. मुलगी सासरी. मग मी आधी गेले तर हा रस्त्यावर येईल. त्यापेक्षा माझ्या हातानेच याला कफन मिळावं. ज्या आईने अठ्ठेचाळीस तास चालत फिरून हरवलेल्या मुलाला शोधलं होतं, तिच्यावर ही दुआ मागायची वेळ कुणी आणली? आजाराने नाही आणली. ती आम्ही आणली, घरातल्या धडधाकट माणसांनी. तिने दुआ अल्लाकडे मागितली, पण त्यातल्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं होतं.

मग मी पहिलं उत्तर काय शोधलं ते ऐका. पुण्याला परत येऊन बायकोला म्हटलं, दोघांनाही इकडे आणू. ती बँकेत नोकरी करते. तिने माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे अम्मींच्या जागी आता मी?" मी निरुत्तर झालो. अम्मीने ज्याला नकार दिला होता, तेच मी करत होतो. एका बाईचं ओझं उचलून दुसऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवायचं आणि वर म्हणायचं, मी सोय केली. इथे बसलेल्या मुलांनो, हे नीट ऐका. आईला मदत करायची म्हणजे बायको आणणं नव्हे, बहिणीला बोलावणं नव्हे. स्वतः जाणं.

मग मी काय केलं? फार मोठं काही नाही. माझ्या धंद्यात जे येतं तेच केलं, ड्युटीचा तक्ता बनवला. महिन्यातले पहिले दहा दिवस मी गावी राहून काम करतो. कंपनीला विचारलं तर हो म्हणाली, म्हणजे आधी विचारायलाच हवं होतं. इंजेक्शनच्या तारखेला मी घेऊन जातो. आपा दोन महिन्यातून एकदा चार दिवस येते, आणि ते तिने स्वतः ठरवलं आहे. बाकीच्या दिवसांत रोज रात्री नऊला भैय्याला मी फोन करतो, अम्मीला नाही, भैय्याला. पहिल्या दहा दिवसांत कळलं की मला चौथ्याच दिवशी ओरडावंसं वाटतं. अम्मी ओरडली की आम्ही सगळे म्हणायचो, तू सब्र ठेवत नाहीस.

या ओरडण्याचाही एक अभ्यास आहे. ब्रिटनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकापासून पाहिलं, की इस्पितळातून घरी गेलेल्या रुग्णांचा आजार पुन्हा कुठे उलटतो. ज्या घरात सतत टोचून बोललं जातं, किंवा त्याला श्वास घेऊ न देता जपलं जातं, तिथे आजार जास्त वेळा उलटत होता. हे ऐकून पुन्हा आईवर बोट ठेवू नका. दिवसाचे चोवीस तास एकाच माणसाबरोबर एकाच खोलीत राहिलं की कुणीही एक तर टोचतं, नाही तर चिकटून बसतं. आईला विसावा मिळाला की ती कमी टोचते, आणि मुलगा जास्त बरा राहतो. तिची विश्रांती हा त्याच्या औषधाचाच भाग आहे. भैय्याने एकदा मला सांगितलं, "अम्मी थकती, मैं भी थकता. दोनों को छुट्टी होना."

दुसरं काम कागदांचं. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. आम्ही भैय्याचं प्रमाणपत्र काढलं. सरकारी कर्मचाऱ्याच्या अशा, स्वतः कमवू न शकणाऱ्या अपत्याला आईबापांनंतर कुटुंब निवृत्तिवेतन मिळायची तरतूद असते, पण कागद आईबापांच्या हयातीत लागले तर बरं. अब्बांच्या पेन्शनची ही नोंद मी तीन वर्षं पुढे ढकलली होती. लागले किती, तर सात खेटे. २०१७च्या कायद्याप्रमाणे आजारी माणसाला, तो बरा असताना, आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो. पुढे आजार वाढला तर कुठले उपचार हवेत, कुठले नकोत, हेही लिहून ठेवता येतं. भैय्याने माझं नाव लिहिलं. सही करायच्या आधी त्याने विचारलं, "नाव लिहितो. पन तू येशील ना?" माझ्या आयुष्यातल्या सगळ्या इंटरव्ह्यूंमध्ये याहून अवघड प्रश्न मला कुणी विचारलेला नाही.

तिसरं, अम्मीसाठी माणसं. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन नावाची संस्था आहे. कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी, स्वतःच्या घरात हा आजार पाहिल्यावर, ती उभी केली. २००४चा 'देवराई' सिनेमा तुमच्यातल्या काहींनी पाहिला असेल, त्यामागेही ते होते. तिथे आजारी माणसांच्या घरच्यांचे स्वमदत गट चालतात. अम्मीला मी एकदा घेऊन गेलो. ती कोपऱ्यात बसली होती. सदाशिव पेठेतल्या एक आजी बोलायला लागल्या, "मला कधी कधी वाटतं, हा माझ्या आधी जावा." अम्मीने माझा हात घट्ट धरला. तिची अंधारातली दुआ दुसरी एक आई उजेडात, मराठीत, सगळ्यांसमोर बोलत होती आणि कुणी तिला वाईट म्हणत नव्हतं. परत येताना अम्मी गाडीत गाढ झोपली. तशी झोपलेली मी तिला कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती.

असा गट तालुक्याच्या गावी का नसावा? मोहल्ल्यात एक खोली, महिन्यातून एक दुपार, चहा. एवढंच लागतं. आपल्याकडे जमातीच्या बैठका होतात, त्यात कितीदा हा विषय येतो? राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ मध्ये, असं दिसलं की आपल्या देशात दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. म्हणजे प्रत्येक गल्लीत असं घर आहे. फक्त दार बंद आहे. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस ही सेवा आहे, १४४१६ या नंबरवर. चोवीस तास, फुकट, मराठीतही. फक्त आजारी माणसानेच फोन करायचा असतो असं नाही. आईलाही करता येतो.

आमच्या गल्लीत एक मुलगा आहे, बारावीत शिकणारा. आमच्या नात्याचा नाही. दर जुम्म्याला तो भैय्याला घ्यायला येतो. मशिदीत त्याच्या शेजारी उभा राहतो, कुणी हसलं तर तिकडे बघतो, आणि नमाज झाल्यावर चहा पाजून घरी सोडतो. दीड तास. त्या दीड तासात अम्मी काही करत नाही. दाराला कडी न लावता पडून राहते. जन्नत आईच्या पायाखाली असते, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्या पायांना दीड तास पडायला मिळावं, एवढं तर आपण करू शकतो.

गेल्या डिसेंबरमध्ये अम्मीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सहा वर्षं ती म्हणत होती, नंतर बघू, याच्याजवळ कोण बसेल. ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्यात होतो आणि घरी भैय्या आणि तो बारावीतला मुलगा. संध्याकाळी आम्ही आलो तर भैय्याने चहा करून ठेवला होता. साखर फार पडली होती. अम्मीने पूर्ण कप प्यायला. भैय्या तिच्या डोळ्यावरच्या पट्टीकडे बघत म्हणाला, "दुखतंय का?" अठरा वर्षांत तो तिला हे पहिल्यांदा विचारत होता. खरं तर आम्हा कुणीच विचारलं नव्हतं.

भैय्या पूर्ण बरा झालेला नाही. आवाज अजून येतात, कमी येतात. तो पंखे दुरुस्त करतो, कधी महिनाभर करत नाही. अम्मी अजून त्याच्यावर ओरडते. ती आता काय दुआ मागते, मला माहीत नाही, आणि मी कान लावत नाही.

आता तो गेल्या वर्षीचा मुलगा. आज तो आलाय की नाही, मला दिसत नाही. आला असेल तर माझं उत्तर बदलून देतो. बाळा, नोकरीला जा. जाणं गुन्हा नाही, तुझ्या पगाराचीही घराला गरज आहे. पण जाण्याआधी तुझे दिवस ठरव, तारखांसकट, आणि ते अम्मीला कागदावर लिहून दे. प्रमाणपत्राचा अर्ज भरून जा. भावाच्या डॉक्टरांना एकदा स्वतः भेटून जा. आणि तिथून फोन करशील तेव्हा पहिला प्रश्न "भैय्या कसा आहे?" हा विचारू नको. त्याचं उत्तर ती अठरा वर्षं देत आलीय, "ठीक है" म्हणून. तिला विचार, "अम्मी, तू जेवलीस का? रात्री झोपलीस का?" आणि मग गप्प राहून ऐक.

तुम्हा बाकीच्यांना एवढंच सांगतो. आपल्या गल्लीत ते बंद दार कुठलं, हे तुम्हाला माहीत आहे. येत्या जुम्म्याला ते वाजवा.